समदुःखितांचीं आश्रयगृहें

घरांत कोणाला ताप भरला किंवा कोणाचा हात मोडला, तर तासाभरांत शेजारपाजारीं तें कळतें. कोणी पेज करून आणतें, कोणी डॉक्टरांना बोलावून आणतें, कोणी रात्रभर उशाशीं बसतें. परंतु त्याच घरांतील एखाद्या तरुण मुलाला कोणी जवळ नसतांना आवाज ऐकूं येऊं लागले, किंवा एखाद्या सुनेला आपलें जगणें नकोसें झालें, तर तेंच घर दारें लावून घेतें. शेजाऱ्यांना कांहीं सांगितलें जात नाहीं. नातेवाइकांना 'जरा बरें वाटत नाहीं' एवढेंच कळविलें जातें. प्रकरण हाताबाहेर गेलें म्हणजे मग दोनच वाटा समोर उरतात : रोग्याला घरांत दडवून ठेवणें किंवा इस्पितळांत नेऊन पोंचविणें. पहिल्या वाटेनें गेल्यास सगळा भार घरच्या माणसांवर पडतो. दुसरीनें गेल्यास रोग्याच्या हातांतून त्याच्या आयुष्याचीं सूत्रें पुष्कळदां एका रात्रींत काढून घेतलीं जातात.

या दोहोंमधून जाणारी एक तिसरी वाट गेल्या पन्नास वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत काढण्यांत आली आहे. विशेष हें कीं, ती मुख्यतः वैद्यांनीं किंवा सरकारी अधिकाऱ्यांनीं काढलेली नाहीं. ज्यांनीं मनाचा असा कडेलोट स्वतः अनुभवला, इस्पितळांतले दिवस काढले आणि जे पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले, अशा माणसांनीं ती काढली. साध्या वस्तींतलें साधें घर. त्यांत तीन-चार, फार तर दहा खाटा. आणि सोबतीला जागीं असलेलीं माणसें, एकेकाळीं त्याच आगींतून गेलेलीं. दाराला कुलूप नाहीं, अंगावर गणवेश नाहीं, हातांत रोगनिदानाचा कागद नाहीं. आणीबाणीच्या प्रसंगीं माणसानें तेथें येऊन कांहीं दिवस राहावें, एवढीच ही योजना. प्रथम ऐकणाऱ्याला ती भाबडी वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून तिची पूर्वपीठिका, तिचा कारभार, तिची प्रचीति आणि तिच्या मर्यादा या चारहि गोष्टी क्रमानें पाहणें इष्ट होईल.

कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. पॅरिसजवळील बिसेत्र येथील वेड्यांच्या इस्पितळांतील रोग्यांच्या पायांतल्या साखळ्या काढल्याचें श्रेय सर्वसाधारणपणें फिलिप पिनेल या प्रख्यात वैद्याला दिलें जातें. परंतु त्या साखळ्या १७९७ सालीं प्रत्यक्ष काढविल्या त्या झां-बाप्तिस्त प्यूसँ या तेथील व्यवस्थापकानें. पिनेल तोंपर्यंत दुसऱ्या इस्पितळांत गेला होता. प्यूसँ हा वैद्य नव्हता. तो कातडीं कमावण्याचा धंदा करणारा मनुष्य. गंडमाळांचा विकार जडल्यामुळें तो त्याच इस्पितळांत रोगी म्हणून आला आणि बरा झाल्यावर तेथेंच चाकरीस राहिला. त्याचा विकार शरीराचा होता, मनाचा नव्हे; तथापि खाटेवर पडून राहणाऱ्याला जग कसें दिसतें हें त्याला ठाऊक होतें. बरे झालेले व बरे होत आलेले रोगी हेच सेवक म्हणून निवडावे, असा त्याचा परिपाठ होता. असे सेवक मारहाण करीत नाहींत आणि रोग्याचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतात, असा त्याचा अनुभव होता. पिनेलनेंहि ही गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली.

पुढें १८४५ सालीं लंडनमध्यें 'वेडे ठरविलेल्यांचें मित्रमंडळ' अशा अर्थाच्या नांवाची एक संस्था निघाली. तिच्या चालकांत जॉन पर्सिव्हल हा प्रमुख होता. १८१२ सालीं पार्लमेंटच्या इमारतींत ज्यांना गोळी घालून मारण्यांत आलें, त्या स्पेन्सर पर्सिव्हल या मुख्य प्रधानांचा हा मुलगा. तीन वर्षें त्याला खाजगी वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें होतें, आणि तेथील हकीकत त्यानें १८३८ व १८४० सालीं दोन पुस्तकांत प्रसिद्ध केली. त्याची मुख्य तक्रार अन्नवस्त्राविषयीं नव्हती. आपल्याला कोणीं कांहीं विचारलें नाहीं आणि आपल्याशीं कोणीं माणसासारखें बोललें नाहीं, ही त्याची तक्रार होती.

हीच तक्रार सव्वाशें वर्षांनंतर अमेरिकेंत ज्यूडी चेंबरलिन या बाईंनीं पुन्हा मांडली. १९६६ सालीं गर्भ गळाल्यानंतर त्या खोल विषण्णतेंत बुडाल्या. प्रथम स्वतःच्या इच्छेनें त्या इस्पितळांत गेल्या. पुढें इच्छेविरुद्ध त्यांना न्यूयॉर्कजवळील रॉकलंड येथील सरकारी इस्पितळांत ठेवण्यांत आलें. योगायोग असा कीं, त्याच इस्पितळांतून बाहेर पडलेल्या कांहीं रोग्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत 'आपण एकटे नाहीं' अशा नांवाचें एक मंडळ स्थापलें होतें आणि त्यांतूनच १९४८ सालीं न्यूयॉर्क येथें फाउंटन हाउस ही संस्था उभी राहिली होती. परंतु तिचें कार्य इस्पितळ सोडल्यानंतरच्या जीवनापुरतें होतें. आणीबाणीच्या रात्रीं इस्पितळाऐवजीं कोठें जावें, या प्रश्नाचें उत्तर चेंबरलिनबाईंना कॅनडांतील व्हॅंकूव्हर शहरीं मिळालें. १९७० नंतरच्या दशकांत त्यांच्यावर पुन्हा तसाच प्रसंग आला तेव्हां त्या अशाच एका घरांत राहिल्या, आणि तेथें त्यांना सोबत मिळाली ती पूर्वीं रोगी असलेल्या माणसांची. १९७८ सालीं त्यांचें 'ऑन अवर ओन' म्हणजे 'आमचे आम्ही' हें पुस्तक निघालें. रोग्यांनीं आपल्या संस्था आपणच चालवाव्या, ही मागणी त्या पुस्तकामुळें दूरवर पोंचली.

वैद्यकांतूनहि या विचाराला एक आधार मिळाला होता. अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत स्किझोफ्रेनियाविषयक संशोधनाचे प्रमुख असलेले डॉ. लॉरेन मोशर यांनीं १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें 'सोटेरिया' नांवाचें घर उघडलें. तेथें सहा-सात तरुण रोगी राहत आणि त्यांच्या सोबतीला वैद्यकाचें शिक्षण नसलेलीं सामान्य, परंतु शांत स्वभावाचीं माणसें असत. बहुतेकांना आरंभीं औषधहि दिलें जात नसे. सहा आठवड्यांनीं पाहिलें तेव्हां या रोग्यांची सुधारणा इस्पितळांतील रोग्यांइतकीच झालेली दिसून आली. पैशाच्या अभावीं तें घर १९८३ सालीं बंद पडलें; पण पुढच्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें त्याच नमुन्यावर दुसरें घर निघालें. सोटेरिया हें रोग्यांनीं चालविलेलें घर नव्हतें. तथापि मनाच्या तीव्र विकारांत माणसाची निर्भय सोबत हाच उपचाराचा मोठा भाग असूं शकतो, हें त्यानें दाखवून दिलें.

आतां अशा घरांचा प्रत्यक्ष कारभार कसा चालतो तें पाहूं गेल्यास तीन ठिकाणें डोळ्यांसमोर येतात.

पहिलें इंग्लंडमधील लीड्स शहरांतलें. मानसिक आजारांतून गेलेल्या कांहीं कार्यकर्त्यांनीं इस्पितळाला पर्याय मागितला आणि १९९९ सालीं 'डायल हाउस' सुरू झालें. येथें रोग्याला दाखल करून घेत नाहींत. संध्याकाळीं सहापासून रात्रीं दोनपर्यंत घर उघडें ठेवावयाचें, अशी तेथील रीत. या वेळा मुद्दाम निवडलेल्या आहेत. कारण दवाखाने व कचेऱ्या बंद झाल्यावरच मनाची रात्र खरी सुरू होते. येणाऱ्यानें आधीं दूरध्वनि करावा, त्याच्यासाठीं टॅक्सी पाठविली जावी, एका सोबत्याशीं त्यानें निवांत बोलावें आणि उरलेला वेळ दिवाणखान्यांत किंवा स्वयंपाकघरांत चहा पीत बसावें. घरीं मुलांना संभाळणारें कोणी नाहीं म्हणून एखादी आई अडून बसूं नये, यासाठीं मुलांनाहि बरोबर आणण्याची सोय ठेवण्यांत आली.

दुसरें ठिकाण न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या दक्षिण भागांत, 'टुपू आके' या नांवाचें. तें २००८ सालीं सुरू झालें. खाटा दहा आणि मुक्काम सुमारें आठवड्याचा. चालक समदुःखी, परंतु सरकारी आरोग्यखात्याशीं त्यांचा संबंध जवळचा आणि परिचारिकांचें साहाय्यहि उपलब्ध. इस्पितळाशीं फारकत न घेतांहि हें कार्य करतां येतें, याचें हें उदाहरण होय.

तिसरें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत नॉर्थॅम्प्टन येथें २०१२ सालीं उघडलेलें 'अफिया' हें घर. खोल्या तीन, मुक्काम जास्तींत जास्त सात रात्रींचा, पाहुण्याकडून पैसा घेतला जात नाहीं. 'पाहुणा' हा शब्द मुद्दाम योजला आहे, कारण तेथें 'रोगी' हा शब्द वापरीत नाहींत. येण्यापूर्वीं एक संभाषण होतें. त्यांत कोणता रोग आहे हें विचारण्यापेक्षां काय घडलें आणि या सात दिवसांपासून काय हवें आहे, हें विचारलें जातें. पाहुण्यानें नोकरीवर जावें, मित्रांना भेटावें, पुन्हा परत यावें. औषधें चालू असल्यास तीं त्याची त्यानें घ्यावीं; खोलींत त्यांसाठीं कुलपाची पेटी असते आणि तिचा ताबा त्याच्याकडे असतो. इस्पितळांत किल्ली सेवकाच्या कमरेला असते. येथें ती पाहुण्याच्या खिशांत असते. दोन्ही व्यवस्थांमधला भेद एवढ्या एका गोष्टीवरून ध्यानांत यावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं समाजांतल्या मानसिक आरोग्यसेवांविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत अफिया व टुपू आके या दोन्ही घरांचा अनुकरणीय उदाहरणें म्हणून समावेश केला.

किल्ली पाहुण्याच्या हातीं देण्यानें नेमकें काय साधतें? पहिली गोष्ट म्हणजे खरें बोलणें शक्य होतें. आत्महत्येचा विचार मनांत घोळत असलेला मनुष्य तो बोलून दाखविण्यास कचरतो. कारण बोलल्याबरोबर समोरचा घाबरेल, कोणाला तरी बोलावील आणि आपल्याला कोंडून ठेवलें जाईल, अशी धास्ती त्याला असते. जो विचार बोलला जात नाहीं तो आंतल्या आंत वाढत जातो. परंतु ऐकणाऱ्यानेंच एकदां त्या कड्यावरून खालीं डोकावून पाहिलें असेल, तर तो दचकत नाहीं. तो शांतपणें पुढचा प्रश्न विचारतो. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही आपल्याकडची म्हण येथें नव्या अर्थानें खरी ठरते.

दुसरी गोष्ट आशेची. वैद्यानें 'तुम्ही बरे व्हाल' असें सांगितलें तर तो त्याचा अभिप्राय असतो. पण चहाचा पेला पुढें करणारा मनुष्य स्वतःच दहा वर्षांपूर्वीं अशाच अवस्थेंत होता आणि आज नोकरी, संसार व मित्र संभाळून आहे, हें पाहणें हा पुरावा असतो. तिसरी गोष्ट परस्परतेची. या क्षेत्रांत शेरी मीड या अमेरिकन बाईंनीं शिक्षणाची जी पद्धति घालून दिली, तिचें मुख्य सूत्र असें कीं, एकानें उपकार करावयाचे आणि दुसऱ्यानें घ्यावयाचे असें हें नातें नसून दोघांनींहि त्यांतून शिकावयाचें असतें. केवळ दुःख भोगलें म्हणून कोणी चांगला सोबती होत नाहीं. आपली कहाणी कोठें सांगावी आणि कोठें गप्प बसावें, याचें शिक्षण त्यालाहि घ्यावें लागतें.

आतां प्रचीतीविषयीं. अशा कामाची परीक्षा नुसत्या भावनेवर सोडतां येत नाहीं. कॅलिफोर्नियांत एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. तीव्र विकारामुळें कायद्यानें अडकवून ठेवण्यास पात्र ठरलेल्या ३९३ प्रौढ माणसांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत वांटणी करण्यांत आली. एक गट कुलूपबंद इस्पितळांत गेला, तर दुसरा पूर्वीच्या रोग्यांनीं चालविलेल्या बिनकुलपी घरांत. दुसऱ्या गटांत लक्षणांची सुधारणा अधिक दिसली आणि समाधान तर कितीतरी अधिक आढळलें. त्याच राज्यांतील सांता क्रूझ येथील 'सेकंड स्टोरी' या घराविषयींचा अभ्यास २०१५ सालीं निघाला. तेथें राहून गेलेल्यांना पुढें इस्पितळ किंवा तांतडीची सेवा लागण्याचा संभव तशाच इतर लोकांच्या मानानें सुमारें ७० टक्क्यांनीं कमी आढळला. मात्र मुक्काम लांबत गेला तसा हा लाभ घटत गेला, असेंहि त्याच अभ्यासांत दिसलें.

इंग्लंडमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आले. तो घरांविषयीं नसून सोबत्यांविषयीं होता. आणीबाणींतून नुकत्याच सावरलेल्या ४४१ माणसांना स्वतःची काळजी कशी घ्यावी याची एकच पुस्तिका देण्यांत आली. एका गटाला ती टपालानें पाठविली. दुसऱ्या गटाच्या लोकांबरोबर ती उलगडून पाहण्यासाठीं एकेक समदुःखी सोबती दहा बैठकींपर्यंत बसला. वर्षभरांत पहिल्या गटांतील ३८ टक्के लोकांना पुन्हा तांतडीच्या उपचारांची गरज पडली, तर दुसऱ्या गटांत हें प्रमाण २९ टक्के राहिलें. पुस्तिका तीच होती. फरक होता तो माणसाचा.

या आंकड्यांनीं हुरळून जाण्याचें कारण नाहीं. अशा घरांत राहणारीं माणसें बहुधा स्वखुषीनें आलेलीं असतात, आणि स्वखुषीनें येणारा मनुष्य अर्धी वाट चालून आलेला असतो. ज्याला आपण आजारी आहों हेंच पटत नाहीं, जो दुसऱ्याच्या जिवावर उठला आहे, किंवा ज्याचा भ्रम मेंदूच्या ज्वरामुळें, मद्य एकाएकीं सुटल्यामुळें वा दुसऱ्या एखाद्या शारीरिक कारणानें उद्भवला आहे, त्याला वैद्याचीच गरज असते, आणि तीहि विनाविलंब. औषधांनीं असंख्य संसार वांचविले आहेत, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. सोबत्यांवरील ताणहि थोडा नसतो. दुसऱ्याची रात्र जागवितांना स्वतःच्या जुन्या रात्री जाग्या होतात, म्हणून त्यांनाहि विसावा व आपसांत बोलण्याची जागा लागते. शिवाय पैसा सरकारचा आला कीं त्याबरोबर नियम येतात, रकाने येतात, नोंदवह्या येतात; आणि रकाने भरतां भरतां घराचें पुन्हा लहानसें इस्पितळ होण्याचा धोका असतो. त्याविषयीं या चळवळींतले लोक स्वतःच सावध असतात.

महाराष्ट्राला हें तत्त्व अगदींच परकें नाहीं. पुण्यास १९८६ सालीं डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनीं व्यसनमुक्तीसाठीं 'मुक्तांगण' सुरू केलें. तेथें व्यसनांतून सुटलेली माणसेंच पुढें नव्यानें आलेल्यांना हात देतात, हें पुष्कळ मराठी वाचकांना माहीत आहे. दारू सोडलेला मनुष्य दारू सोडूं पाहणाऱ्याला जें सांगूं शकतो तें दुसरा कोणी सांगूं शकत नाहीं, ही गोष्ट आपल्या समाजानें मान्य केली आहे. मग ज्याला आवाज ऐकूं येत होते, किंवा जो जीव द्यावयास निघाला होता, त्याचा अनुभव तेवढा निरुपयोगी कां ठरावा?

कायदाहि या दिशेनें थोडा पुढें सरकला आहे. भारताचा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ सालीं संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. पुढें कधीं आपलें मन ताळ्यावर राहिलें नाहीं तर कोणते उपचार व्हावे आणि कोणते होऊं नयेत, हें आधींच लिहून ठेवण्याचा अधिकार त्यानें प्रत्येक प्रौढ नागरिकाला दिला आहे; आपल्या वतीनें बोलणारा प्रतिनिधि नेमण्याचाहि अधिकार दिला आहे. इस्पितळ आणि घर यांच्यामधील निवासांची तरतूद सरकारनें करावी, असेंहि तो सांगतो. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनिसेवा २०२२ सालीं सुरू झाली. कागदावरची वाट अशी खुली आहे. परंतु किल्ली रोग्याच्या हातीं द्यावयाची तर घरच्या माणसांच्या मनांतली भीतिहि सुटली पाहिजे. आणि ती केवळ अधिनियमानें सुटत नाहीं.

असें एखादें घर पुण्यास, मुंबईस किंवा नागपुरास उघडावयाचें ठरलें तर लागणारी सामग्री फार नाहीं : चार खोल्या, एक स्वयंपाकघर, गरज पडतांच येणारा एक डॉक्टर आणि आळीपाळीनें जागणारीं दहा-बारा माणसें. जागेचें भाडें देणारा दाता आपल्या शहरांत मिळूं शकेल. अडचण आहे ती त्या दहा-बारा माणसांची. अशीं माणसें नाहींत असें नाहीं. तीं याच शहरांत, याच सुशिक्षित घरांत आहेत. कोणी शाळेंत शिकवितात, कोणी पेढीवर हिशेब लिहितात, कोणी नातवंडें संभाळतात. आपल्या आयुष्यांतलीं तीं दोन-तीन वर्षें त्यांनीं कुलपांत ठेवलीं आहेत, कारण तीं कळलीं तर बहिणीचें लग्न जुळणार नाहीं, बढती मिळणार नाहीं, शेजारी मुलांना खेळावयास पाठविणार नाहींत, हें त्यांना ठाऊक आहे. 'मी त्यांतून गेलों आहें' एवढें एक वाक्य चारचौघांत उच्चारतां येईल अशी हवा जोंपर्यंत घराघरांत निर्माण होत नाहीं, तोंपर्यंत चार खोल्यांचें तें घर उघडणार नाहीं. आणि रात्रीं दोन वाजतां ज्याला कोणाशीं तरी बोलावयाचें आहे, त्याच्यासाठीं जागें असलेलें माणूस चार घरांपलीकडे असूनहि त्याला सांपडणार नाहीं.